कॅल्शियमची गोळी सगळ्यात शेवटी: आधी ताट मोजा, मग स्ट्रिप विकत घ्या

मेडिकलच्या काउंटरवर जरा वेळ उभं राहिलं तरी हे वाक्य ऐकू येतंच, "गुडघे दुखतायत, कॅल्शियमची एक स्ट्रिप द्या." कुठली, किती मिलिग्रॅमची, कशासोबत घ्यायची, आधीची कुठली औषधं चालू आहेत, काही विचारणा नाही. मग ती गोळी सकाळी उपाशीपोटी, थायरॉईडच्या गोळीसोबत, वर दुधाचा चहा, अशी घेतली जाते आणि महिनाभराने बद्धकोष्ठ झालं की बंद होते. कॅल्शियम बाद, थायरॉईडची गोळीही काही प्रमाणात वाया, आणि वर "मला कॅल्शियम सूट होत नाही" हे कायमचं.

प्रॉब्लेम गोळीत नसतो, क्रमात असतो. आधी स्वतःची गरज, मग ताटातून येतंय किती, मग ताट सुधारणं, मग व्हिटॅमिन डी, आणि तरीही तूट उरली तर तेवढ्यापुरती गोळी. बहुतेक जण हे बरोबर उलटं करतात. खाली तोच क्रम पायरीपायरीने दिलाय, मधली पायरी गाळू नका.

## तयारी: अर्ध्या तासाचं काम

हे आधी टेबलावर आणून ठेवा.

घरातला दुधाचा ग्लास, दह्याची वाटी आणि चहाचा कप. तिन्ही पाण्याने भरा आणि मापाच्या कपाने मोजा. आपण ज्याला "ग्लासभर दूध" म्हणतो तो ग्लास कुठे १५० मिलीचा असतो, कुठे २५० चा, आणि सगळा हिशोब तिथेच चुकतो.

घरात पडलेल्या सगळ्या गोळ्या, सॅशे, पावडरीचे डबे. अर्धवट संपलेल्या स्ट्रिपसुद्धा. मल्टिव्हिटॅमिन, "हाडांसाठी" म्हणून कुणीतरी दिलेला डबा, पित्ताची पांढरी चघळायची गोळी, सगळं. त्या चघळायच्या अँटासिडमध्ये बऱ्याचदा कॅल्शियम कार्बोनेटच असतं आणि ते कुणी मोजतच नाही.

चालू औषधांची यादी आणि गेल्या वर्षभरातले रिपोर्ट असतील तर ते.

## पायरी १: तुमचा आकडा ठरवा

आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली नवे आकडे दिले. त्याआधी मोठ्या माणसासाठी दिवसाला ६०० मिलिग्रॅम धरायचे, आता १००० धरतात. जुने तक्ते अजून फिरत असतात, त्यामुळे ६०० लिहिलेला तक्ता दिसला तर तो बाजूला ठेवा.

मोठी माणसं, बाई किंवा पुरुष: १०००. गरोदर बाई: १०००. अंगावर पाजणारी आई: १२००. पाळी गेलेल्या बायका आणि साठीपुढचे सगळे: १२००. मुलांमध्ये १ ते ३ वर्षं ५००, ४ ते ६ साठी ५५०, ७ ते ९ साठी ६५०, १० ते १२ साठी ८५०, १३ ते १५ साठी १००० आणि १६ ते १८ साठी १०५०.

शेवटचे दोन आकडे परत एकदा वाचा. दहावी-बारावीच्या पोराला आजोबांपेक्षा फार कमी लागत नाही, कारण हाडांत माल भरायचं वय तेच, साधारण पंचविशी-तिशीपर्यंत जे साठलं ते साठलं, पुढे फक्त ते टिकवायचं असतं. आणि नेमकं याच वयात क्लासला पळायच्या गडबडीत दूध सुटतं.

थांबा: वरची मर्यादाही आहे. मोठ्या माणसाने जेवण आणि गोळ्या मिळून दिवसाला २५०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. "जास्त घेतलं तर जास्त मजबूत" असं काही नसतं.

## पायरी २: दोन दिवसांचं ताट लिहून काढा

एक साधा दिवस आणि एक सुट्टीचा दिवस. जे खरंच खाल्लं तेच लिहायचं, जे खायला हवं होतं ते नाही.

मोजायला हे आकडे पुरतात. दूध, गाईचं असो वा म्हशीचं, १०० मिलीला साधारण १२० मिलिग्रॅम. घट्ट दही जवळपास तेवढंच. पनीर १०० ग्रॅमला साडेचारशे-पाचशेच्या आसपास. नाचणी १०० ग्रॅम पिठाला ३६० च्या आसपास. गव्हाचं पीठ जेमतेम ३०-४०. तूरडाळ ७०-८०. मेथी २७० च्या आसपास, कुळीथही तितकाच. भात धरूच नका.

आता एक नेहमीचं ताट घेऊ. सकाळी दोन कप चहा, त्यात मिळून ८० मिली दूध: ९५. पोहे: १५. दिवसभरात चार पोळ्या: ४५. वाटीभर वरण: २०-२५. एखादी फळभाजी: ४०. जेवताना छोटी वाटी, म्हणजे १०० ग्रॅम दही: १२०. बेरीज ३४० च्या आसपास. हे कुणा उपाशी माणसाचं ताट नाही, चांगलं चारीठाव खाणाऱ्या घरातलं आहे, आणि तरी गरजेच्या जेमतेम एक तृतीयांश.

इथे चार ठिकाणी लोक हमखास चुकतात.

पहिली चूक म्हणजे १०० ग्रॅमचा सापळा. "कडीपत्त्यात दुधाच्या पाचपट कॅल्शियम" हे वाक्य आकड्याने बरोबर आहे, पण फोडणीतली आठ-दहा पानं दोन ग्रॅमसुद्धा भरत नाहीत, आणि तीही आपण ताटाच्या कडेला काढून ठेवतो. खसखशीचंही तेच. तक्ता बघताना एकच प्रश्न विचारायचा, मी हे एका वेळी किती ग्रॅम खातो?

दुसरी चूक पालकाची. पालकातलं कॅल्शियम ऑक्झलेट नावाच्या घटकाने घट्ट धरून ठेवलेलं असतं, त्यातलं पाच टक्क्यांच्या आसपासच अंगी लागतं, दुधातलं तीस टक्क्यांच्या आसपास लागतं. माठ आणि राजगिऱ्याच्या पाल्यातही ऑक्झलेट भरपूर. या भाज्या खा, जरूर खा, बाकी बरंच काही मिळतं त्यातून, फक्त कॅल्शियमच्या बेरजेत धरू नका. मेथी, मुळ्याचा पाला, शेवग्याचा पाला हे धरा.

तिसरी, ताक. एक भाग दही आणि तीन भाग पाणी असलेल्या ग्लासभर ताकात पन्नास-साठ मिलिग्रॅम असतं, त्याला दूध समजून मोजायचं नाही. आणि चौथी उलट्या बाजूची: साय काढली म्हणून कॅल्शियम जात नाही, उकळलं म्हणूनही जात नाही. टोन्ड दुधात फुल क्रीमइतकंच असतं, वजनाच्या भीतीने दूधच बंद करायचं कारण नाही.

तपासा: दोन्ही दिवसांची सरासरी आणि पायरी १ चा आकडा शेजारी लिहा. वजाबाकी केली की तूट कळेल. पुढचं सगळं या तुटीवर चालणार आहे.

## पायरी ३: ताट दुरुस्त करा, आणि याला महिना द्या

वरच्या ३४० च्या ताटात तीनच बदल करू. दिवसातून एकदा २०० मिली दूध: २४०. दोन पोळ्यांच्या जागी ६० ग्रॅम पिठाची नाचणीची भाकरी: २१५, त्यातून पोळ्यांचे २० वजा. बिनपॉलिशच्या तिळाची चटणी, १० ग्रॅम: सव्वाशेच्या आसपास. झाले ९००. एकही गोळी न घेता, आणि खर्च तरी किती.

आता यातल्या खाचाखोचा, कारण इथेच मेहनत वाया जाते.

नाचणी. कॅल्शियम बरंचसं तिच्या सालीत असतं. त्यामुळे सत्त्व करताना बारीक फडक्यातून चाळून चाळून पांढरंशुभ्र केलं की दिसायला छान होतं, पण ज्याच्यासाठी खटाटोप केला तेच चोथ्यात जातं. बाळासाठी चाळावं लागतं हे मान्य, पण मोठ्यांनी साधं पीठच वापरावं. दुसरं, नाचणीत फायटेट असतं, ते कॅल्शियम अडवतं. भिजवून मोड आणले किंवा आंबवलं की ते कमी होतं. म्हणून रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, सावलीत खडखडीत वाळवा, मंद आचेवर जरा भाजा आणि मग दळा. नीट वाळली नाही तर पिठाला बुरशी धरते, पावसाळ्यात तर हमखास, तेव्हा त्या दिवसांत थोडी थोडीच करा. एवढा वेळ नसेल तर नाचणीचं पीठ ताकात रात्रभर भिजवून सकाळी आंबील किंवा घावन, तेही चालतं.

आणि ती पाकिटातली नाचणी बिस्किटं. मागचं लेबल वाचा, पहिला घटक मैदा असतो बऱ्याचदा.

तीळ. संक्रांतीला आपण पॉलिशचे पांढरेफेक तीळ आणतो, लाडू सुरेख दिसतात. पण साल गेली की कॅल्शियमही बहुतेक जातं. गावठी, जरा मळकट रंगाचे सालीसकट तीळ घ्या, भाजा आणि कुटा. अख्खे तीळ बरेचसे जसेच्या तसे बाहेर पडतात. सालीतही ऑक्झलेट असतं, म्हणून फक्त तिळावर भिस्त ठेवू नका, चमचा-दोन चमचे ठीक.

मासे. इथे कोकणातल्या माणसाला काही सांगायची गरज नाही, पण काट्यासकट खाल्लेला मासा मोजायचा, काटे काढून खाल्लेला सुरमई-पापलेट नाही. मांदेली कुरकुरीत तळून, सुकट, जवळा, सुके बोंबील. सुक्या मासळीत मीठ मात्र भरपूर असतं आणि जास्त मीठ लघवीवाटे कॅल्शियम बाहेर घालवतं, म्हणून आधी पाण्यात भिजवून दोनदा धुवा. पापड-लोणचं रोज दोन्ही वेळा ताटात असेल तर त्यालाही हाच हिशोब लागू.

पनीर. घरी लिंबू पिळून दूध फाडलं की कॅल्शियमचा काही भाग हिरवट पाण्यात उतरतो. ते पाणी फेकू नका, कणीक मळा त्यात.

दूध पचत नसेल तर दही बघा, बऱ्याच जणांना दूध बाधतं पण दही चालतं. सोया किंवा बदामाचं "दूध" घेत असाल तर त्यात कॅल्शियम वरून घातलेलं आहे का ते लेबलवर बघा, आणि खोका चांगला हलवून ओता कारण ते तळाशी बसतं.

थांबा: "गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यात घालून खा" हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. करू नका. पानाचा चुना तीव्र अल्कली असतो, तोंड-घसा भाजतो, त्यात काय भेसळ आहे याची खात्री नसते आणि दाण्याएवढा म्हणजे किती मिलिग्रॅम हे कुणालाच माहीत नसतं. घरात लहान मूल असेल तर चुन्याची डबी त्याच्या हाताला लागेल अशी ठेवूच नका, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.

## पायरी ४: व्हिटॅमिन डी बघा

डी कमी असेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून नीट शोषलंच जात नाही. कितीही नाचणी खा.

उन्हाबद्दल एक गैरसमज आहे की कोवळं ऊन घ्यावं. सकाळी सातचं ऊन सुखाचं असतं, पण डी बनवणारे किरण त्यात फारच कमी असतात. सोपी खूण: तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड पडली पाहिजे. म्हणजे साधारण अकरा ते दुपारी दोन-अडीच. काचेच्या खिडकीआडून घेतलेलं ऊन उपयोगाचं नाही, ते किरण काच अडवते. किती मिनिटं हे कातडीचा रंग, ऋतू आणि अंग किती उघडं आहे यावर ठरतं, त्यामुळे सगळ्यांना एकच आकडा सांगण्यात अर्थ नाही. आणि मे महिन्यात विदर्भात भर दुपारी गच्चीवर जाऊन बसू नका, एवढी अक्कल वापराच.

शाकाहारी जेवणात डी जवळपास नसतंच. पिशवीवर निळ्या रंगात प्लस एफ असं चिन्ह असलेलं दूध मिळालं तर घ्या, त्यात ए आणि डी घातलेलं असतं.

रक्ताच्या टेस्टमध्ये २० नॅनोग्रॅमच्या खाली आलं तर कमतरता धरतात. मग डॉक्टर बहुतेक वेळा ६०,००० युनिटचं सॅशे किंवा कॅप्सूल देतात, आठवड्यातून एक, ठरावीक आठवडे.

थांबा, हे मोठ्या अक्षरात वाचा: आठवड्यातून एक. रोज एक नाही. आणि कोर्स संपल्यावर स्वतःहून पुन्हा सुरू करायचं नाही. डी चरबीत साठतं, जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं: सतत तहान, खूप लघवी, उलट्या, बद्धकोष्ठ, गुंगी, आणि किडनीवर परिणाम. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सॅशे देत असाल तर कॅलेंडरवर रविवारी खूण करा, त्यांच्या लक्षात राहील असं धरून चालू नका. जेवणानंतर किंवा दुधासोबत दिलं तर चांगलं शोषलं जातं.

## पायरी ५: तूट उरली तरच गोळी, आणि लेबल वाचून

समजा तुमचा आकडा १२०० आणि ताट नीट करून ९०० येतंय. तूट ३००. मग एक तर दह्याची वाटी आणि दुधाचा अजून एक ग्लास, नाहीतर दिवसाला ५०० ची एक गोळी. सकाळ-संध्याकाळ दोन नाही.

लेबलवर पुढे मोठ्या अक्षरात "कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ" असतं. ते नुसतं कॅल्शियम नव्हे, तो कॅल्शियमचा क्षार आहे, त्यातलं खरं कॅल्शियम ४० टक्के, म्हणजे ५००. मागे बारीक अक्षरात "एलिमेंटल कॅल्शियम" लिहिलेलं असतं, तोच आकडा धरायचा. कॅल्शियम सायट्रेट या दुसऱ्या प्रकारात २१ टक्केच, म्हणजे १००० च्या गोळीत २१०. शिंपल्याचं, प्रवाळाचं, "नैसर्गिक" असं काहीही लिहिलं असलं तरी ते बहुतांशी कार्बोनेटच, फक्त किंमत वेगळी.

कुठलं घ्यायचं? पोट ठीक असेल तर कार्बोनेट, स्वस्त आणि पुरेसं, पण ते पचायला पोटात ॲसिड लागतं म्हणून जेवतानाच घ्यायचं. पित्तासाठी रोज पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल चालू असेल, किंवा कार्बोनेटने फार गॅस आणि बद्धकोष्ठ होत असेल, तर सायट्रेटबद्दल विचारा, ते जेवणाशिवायही चालतं.

तपासा: टेबलावर काढून ठेवलेल्या सगळ्या डब्यांतलं एलिमेंटल कॅल्शियम आणि डी वेगवेगळं बेरजेला घ्या. एकाच माणसाला हाडांच्या डॉक्टरांनी, स्त्रीरोग तज्ज्ञांनी आणि शेजारच्या वहिनींनी असं तीन ठिकाणहून तेच दिलेलं असतं, नावं तेवढी निराळी.

## पायरी ६: वेळा ठरवा

एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंतच चांगलं शोषलं जातं. दोन गोळ्या सांगितल्या असतील तर दोन वेगळ्या जेवणांसोबत, "एकदाच घेऊन टाकते" असं नाही.

थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम यांत किमान चार तास. थायरॉईडची पहाटे उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत, कॅल्शियम दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणासोबत, विषय संपला.

लोहाच्या गोळीपासून किमान दोन तास लांब. गरोदरपणात ही गडबड सगळ्यात जास्त होते, कारण सरकारी दवाखान्यातून दोन्ही गोळ्या एकदमच हातात मिळतात आणि मग त्या एकदमच गिळल्या जातात. चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत कॅल्शियमच्या रोज दोन गोळ्या असा सरकारी कार्यक्रम आहे. तर कॅल्शियम नाश्त्यासोबत आणि रात्रीच्या जेवणासोबत, लोह दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी लिंबूपाण्यासोबत, आणि त्याच्या आगेमागे चहा नाही. सांगितलेल्या गोळ्या मनाने कमी करायच्या नाहीत, पायरी ५ चा हिशोब इथे लावू नका.

सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सीसायक्लिन अशी अँटिबायोटिक चालू असतील तर कॅल्शियम त्यांना बांधून निकामी करतं. चार-पाच दिवसांचाच कोर्स असेल तर तेवढे दिवस कॅल्शियम थांबवायचं का हे विचारून घ्या, सोपं पडतं. हाडांसाठी आठवड्याची ॲलेंड्रोनेटची गोळी असेल तर ती उठल्या उठल्या ग्लासभर साध्या पाण्यासोबत, नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही की काही खायचं नाही, कॅल्शियम त्यानंतरच्या जेवणाला.

## पायरी ७: रिपोर्ट वाचताना, आणि कधी थांबायचं

"रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं, म्हणजे हाडं चांगली" हे चूक आहे. अंगातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तातलं साडेआठ ते साडेदहाच्या दरम्यान ठेवायला शरीर लागेल तेवढं हाडांतून काढून घेतं, त्यामुळे हाडं झिजत असली तरी हा रिपोर्ट गुळगुळीत येऊ शकतो. हाडांची घनता बघायची तर डेक्सा नावाचा स्कॅन, त्यात टी-स्कोअर उणे अडीच किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार, उणे एक ते उणे अडीचच्या मधलं म्हणजे घनता कमी झालेली. शिबिरात टाचेवर मशीन लावून देतात तो निकाल निदान म्हणून धरू नका, आणि तिथल्या तिथे सहा महिन्यांच्या पावडरीचे पैसेही भरू नका.

नखांवरचे पांढरे ठिपके कॅल्शियमच्या कमतरतेचे नसतात. रात्री पायात गोळे येण्याची कारणं दहा असतात.

मुतखड्याचा त्रास असलेले बरेच जण दूध-दही बंद करून टाकतात. नेहमीचे खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात हे खरं, पण जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून बाहेर नेतं, ते बंद केलं की उलट ऑक्झलेट जास्त शोषलं जातं. जेवणातलं चालू ठेवा. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि उपाशीपोटी तर नकोच.

किडनीचा आजार, आधी कधी रक्तात कॅल्शियम वाढलेलं, हृदयासाठी डिगॉक्सिन, बीपीसाठी थायझाइड प्रकारची गोळी, बरेच महिने स्टेरॉइड: यातलं काहीही असेल तर पायरी ३ पर्यंतचं सुद्धा डॉक्टरांशी बोलून, आणि किडनीचा आजार असेल तर दुधाचं प्रमाणही त्यांनाच ठरवू द्या.

गोळी सुरू केल्यावर बद्धकोष्ठ झालं तर पाणी आणि भाज्या वाढवा, नाही जमलं तर प्रकार बदलून मागा. पण उलट्या, विलक्षण तहान, गोंधळल्यासारखं होणं असं काही दिसलं तर कॅल्शियम आणि डी दोन्ही त्याच दिवशी बंद करून दवाखाना गाठा, आणि जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप आणि सॅशेची पाकिटं पिशवीत घालून न्या. "पांढरी लांबट गोळी" एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही.